दुसऱ्या उपग्रहाची तरतूद

खालापूर

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एस.टी.तून खालापूरला उतरणारा त्या दिवशी मी एकटाच होतो. घाट उतरून आलेली माणसं खोपोलीला चहा पितात आणि सरळ पुढे जातात. खालापूरला पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर मला काही सांगता येणार नाही. तालुक्याची कचेरी आहे, कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसतात, चार दुकानं आहेत. मी तिथे गेलो तो मित्राच्या दहाव्याला जाता जाता. परत आल्यावर हे लिहायला बसलो, कारण तिकडे जे घडलं ते आमच्या कचेरीत कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही.

मित्राचं नाव काशिनाथ. गाव कर्जतजवळचं कडाव. आम्ही दोघं दक्षिणेत समुद्रकाठच्या एका सरकारी केंद्रात नोकरीला. तिथून रॉकेटं उडवतात. तो इंजिनियर, मी हिशेबखात्यात. लोकांना वाटतं, उपग्रह शास्त्रज्ञ सोडतात. सोडतात तेच, पण त्याआधी तो कागदावर सोडावा लागतो, आणि ते काम आम्हा दोघांचं होतं. वजनाने शाळकरी पोराएवढा असलेला एक उपग्रह, पण त्याच्यामागे किती लटांबर! रॉकेट, इंधन, तपासण्या हे तर आलंच. शिवाय तो किनाऱ्यापर्यंत आणायचा तर ट्रकचं भाडं, ट्रकच्या पुढे एक जीप, उपग्रहाखाली गाद्या, वर ताडपत्री, आणि तो आकाशात गेल्यावर त्याच्याकडे कान लावून बसणाऱ्यांचा जादा भत्ता. काशिनाथ यादी करायचा आणि मी कात्री लावायचो. ताडपत्रीवरून आम्ही एकदा दोन दिवस बोलत नव्हतो.

त्याच्या यादीत एक ओळ मात्र अशी होती की तिला मी कधी हात लावला नाही. ती म्हणजे दुसरा उपग्रह. पहिला फसला तर लगेच पाठवायला तसाच दुसरा, त्याच्या रॉकेटसकट. खर्च मंजूर करणाऱ्या समितीपुढे विचारणा झाली तेव्हा काशिनाथने आपल्या गावचा दाखला दिला. म्हणाला, आमच्याकडे भाताची रोपं लावणीला लागतात त्याहून जास्त करतात. काही कुजतात, काही खेकडे कापतात, मग शेतात नांगे पडतात, म्हणजे मधल्या मधल्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरायला कोपऱ्यात रोपं राखून ठेवलेली असतात. समितीतले लोक हसले. चांगलं हसले, चहा मागवला, आणि ओळ खोडली. आधी पहिला जाऊ दे, मग बघू, असं ठरलं.

पहिला गेला, आणि थोड्याच वेळात समुद्रात पडला. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या उपग्रहाचं नवं अंदाजपत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आला. तोवर त्याला रक्ताचा आजार जडलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. शेवटचे आकडे त्याने इस्पितळातल्या खाटेवरून सांगितले आणि मी लिहून घेतले. फाईल दिल्लीला गेली, तो रजा घेऊन गावी गेला. माघात तार आली की काशिनाथ गेला. मी निघायच्या आदल्या दिवशी फाईल परत आली. शेरा एका ओळीचा होता: तरतूद करता येत नाही, प्रकरण बंद करावे.

ही बातमी फक्त माझ्याकडे होती. ती कडावला कुणाला सांगायची नाही असं ठरवून मी घरून निघालो होतो.

खालापूरच्या स्टँडवर मधुकर घ्यायला आला. हा काशिनाथच्या बायकोचा भाऊ, तिथल्याच कचेरीत कारकून. स्वभावाने गोड, पण बोलायला लागला की थांबत नाही. चहाच्या दुकानात त्याने माझी ओळख करून दिली ती अशी की, हे भावजींच्या ऑफिसातले, रॉकेटाचे पैसे हेच मंजूर करतात. मी म्हटलं, अहो, मी मंजूर करत नाही, मी फक्त बेरजा तपासतो. दुकानदाराने ते माझ्या विनयात जमा केलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढे कडावपर्यंत ही ओळख माझ्या आधी पोचलेली असायची.

कर्जत

कर्जतची गाडी लागली तेव्हा मधुकरने माझी वळकटी आणि पिशवी टपावर टाकली. तिच्यावर कुणीतरी सुकटीची टोपली ठेवली, आणि चौक गावापासून पुढच्या खड्ड्यांत ती टोपली माझ्या पिशवीत रिकामी झाली. मी सोलापूरकडचा. आमच्याकडे मासा पाहायचा तो नदीत आणि तोही लांबून. पुढचे सगळे दिवस माझ्या सदऱ्याला जो वास येत होता त्याबद्दल कडावच्या एकाही माणसाने नाक मुरडलं नाही. त्यांना तो वास आहे हेच कळत नसावं.

कर्जतला पुढची गाडी मिळायला वेळ होता म्हणून स्टेशनात जाऊन बसलो. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं जोडतात ती इथेच. जोडताना गाडीला एक धक्का बसतो आणि डब्यातली झोपलेली माणसं जागी होऊन वडा मागतात. मीही घेतला. गरम होता, बरोबर सुकी लाल चटणी. एक खाऊन झाल्यावर दुसरा घेतला, आणि तो अर्धा खाल्ल्यावर मला एकदम आठवलं की मी कुठे चाललो आहे. काशिनाथ सुटीवरून येताना दर वेळी माझ्यासाठी हे वडे आणायचा. दीड दिवसाच्या प्रवासात ते पार गार आणि चामट व्हायचे, आणि तो मला ते डोळ्यांसमोर खायला लावायचा. गरम वडा कसा लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि सांगायला तो नव्हता. अर्धा वडा मी तसाच कागदात गुंडाळला.

कडाव

कर्जत सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की दोन्ही हातांना शेतं. भात कापून झालेलं, धसकटं उरलेली, आणि जमिनीत राहिलेल्या ओलीवर वालाचे वेल. डोंगराच्या बाजूला जागोजागी धूर दिसत होता. मला वाटलं वणवा लागला. मधुकर म्हणाला, राब भाजतायत. पुढच्या पावसाळ्यात जिथे रोपं करायची त्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून आत्ताच जाळून ठेवतात. काशिनाथने समितीपुढे सांगितलेली ती जास्तीची रोपं इथलीच.

काशिनाथचे वडील, राघोआबा, ओट्यावर बसले होते. उंच, काटक म्हातारा, नुकतंच केस उतरवलेलं डोकं. काशिनाथला मुलगा नाही, भाऊ नाही. एक लहान मुलगी आहे. त्यामुळे पोराचे दिवस बापालाच करावे लागत होते. आमच्याकडेही असंच करतात, पण प्रत्यक्ष पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी पाया पडलो. सुतकात पाया पडत नाहीत हे मला माहीत होतं, तरी पडलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, बसा.

सुतकाच्या घरात चूल पेटते, पण फोडणी पडत नाही. मला जेवायला शेजारच्या घरी नेलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आमची ज्वारीची भाकरी तोडावी लागते, ही हातात घेतली की आपोआप घडी होते. बिरडं किंचित कडवट, नारळ घातलेलं. त्या घरची बाई वाढता वाढता सांगत होती की काशिनाथला दुसरं काही लागायचं नाही, बिरडं असलं की झालं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुःखात भूक लागत नाही असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

परत आलो तर राघोआबा माझी वाट पाहत होते. त्यांनी आधी प्रवासाचं विचारलं, मग माझ्या मुलाबाळांचं, आणि मग हळूच मुद्द्यावर आले. पहिलं रॉकेट समुद्रात पडल्यावर गावातल्या काहींनी त्यांची चेष्टा केली होती. बाजाराला गेले की लोक विचारायचे, राघो, तुझ्या पोराचं विमान सापडलं का रं? त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. पहिलं रोप कुजलं म्हणून कुणी शेत ओसाड टाकतं का, दुसरा तयार हाय. काशिनाथही शेवटपर्यंत तेच म्हणत होता. ग्लानीतून जागा झाला की विचारायचा, फाईल आली का.

“कंदी जानार तो दुसरा?” आबांनी विचारलं.

मी म्हटलं, कागद वर गेलेत. हे तसं खोटं नव्हतं, कागद वर गेले होतेच. ते खाली आले हे मी सांगितलं नाही. आबांनी मान हलवली आणि समाधानाने तंबाखू मळायला घेतली. आत काशिनाथची बायको, सुमनवहिनी, मुलीला भरवत होती. ती उंबऱ्याशी येऊन म्हणाली, “भावजी, तो गेला आकाशात की आमाला तार करा. हिला दाखवीन.” मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. हिशेबखात्यात ही विद्या लवकर येते.

पेजेच्या काठी

दहावा पेज नदीवर होता. ही नदी मला विलक्षण वाटली. आमच्याकडच्या नद्या माघ-फाल्गुनात वाळूच्या होतात, ही मात्र भरल्या अंगाने वाहत होती. वर भिवपुरीला वीजघर आहे. घाटावरचं पाणी तिथे खाली उतरतं, वीज देतं आणि मग या नदीत येतं. मुंबईत दिवे जास्त लागले की इथलं पाणी चढतं, असं तिथले लोक सांगतात. त्यामुळे कडेच्या खडकांवर विधी करायचे तर पाणी चढायच्या आत उरकावे लागतात. म्हणून कर्जतहून आलेले भटजी घाईत होते.

पिंड मांडले. भाताचे गोळे, वर काळे तीळ, बाजूला केळीच्या पानावर बिरडं. सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

कावळा येईना. नदीकाठी दोन झाडं होती, त्यांवर एकही नव्हता. मधुकर माझ्या कानाशी म्हणाला, कावळे सगळे राबाकडे गेले असणार, जमीन तापली की किडे बाहेर येतात. पण ते मोठ्याने बोलायची ती जागा नव्हती. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागे अडकलं आहे, ते ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा, ही रीत आमच्याकडेही आहे. फरक एवढाच की आमच्याकडे हे पुटपुटतात, इथे मोठ्याने, नाव घेऊन सांगतात.

आधी सुमनवहिनी पुढे झाली. मुलीला शिकवीन, तुमच्याएवढी शिकवीन, म्हणाली. कावळा नाही. मधुकर म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा नाही. आबा म्हणाले, तुझी बायको माझी लेक हाय, जमिनीचा वाटा तिच्या नावावर करतो. ते ऐकून वहिनीला हुंदका फुटला. तरी कावळा नाही. ऊन वर आलं. पाणी खालच्या खडकाला लागलं. भटजींनी दर्भ उचलला आणि म्हणाले की शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श करू, चालतं.

“गवताचा नको,” आबा म्हणाले. “माज्या पोराला गवताच्या कावल्यानं नाय पाठवायचा.”

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्याबरोबर सगळेच वळले. पैसे मंजूर करणारे साहेब मीच होतो ना.

“सायेब, त्याचं काय र्‍हायलंय ते तुमाला ठावं हाय. तुमी बोला. दुसरा जाईल म्हनून सांगा त्याला.”

एका वाक्याचं काम होतं. तिथे कुणी सही मागत नव्हतं, शिक्का मागत नव्हतं. तरतूद नसेल तिथे हमी द्यायची नाही, हा आमच्या खात्याचा नियम नदीकाठी पाळायचं काहीच कारण नव्हतं. पण मी पुढे गेलो आणि पिंडासमोर बसलो तेव्हा काशिनाथ समोरच्या खुर्चीत बसला आहे असं मला वाटलं, जसा रोज बसायचा तसा, कोपर टेबलावर टेकून. आम्ही ताडपत्रीवरून भांडलो, भत्त्यावरून भांडलो, पण आकडा लपवला असं आमच्यात कधी झालं नाही. त्याला मी काय सांगणार होतो?

“काशिनाथ,” मी म्हणालो, “फाईल परत आली. दुसरा मंजूर झाला नाही, होणारही नाही. तुझे आकडे बरोबर होते. मी पुन्हा पुन्हा तपासले. एकही चूक नव्हती.”

मी वळून बघायचं टाळलं. सुमनवहिनीने मुलीला जवळ ओढलेलं मला कडेने दिसलं. काल ओट्यावर तंबाखू मळणारा तो म्हातारा, ज्याने बाजारभर दुसऱ्या उपग्रहाचं सांगितलं होतं, त्याला मी हे असं, त्याच्या मुलाच्या पिंडापुढे सांगितलं. मला स्वतःचा संताप आला. खोटं बोललो असतो तर कुणाचं काय गेलं असतं, असं वाटलं.

आबा माझ्या शेजारी येऊन बसले. मग हात जोडले.

“आयकलंस न्हवं, काशी? त्याचं काय व्हनार नाय. आता वाट नको बघूस. तू जा, बाला.”

तिथे मला रडू कोसळलं. तारेच्या दिवशी रडलो नव्हतो, वाटेत रडलो नव्हतो. भटजी उभे होते, पाणी चढत होतं, आणि मी चाळिशी ओलांडलेला माणूस खडकावर बसून पोरासारखा रडत होतो. आबांनी मला रडू दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

थोड्या वेळाने कावळा आला. कुठून आला ते मी पाहिलं नाही. पिंडाला चोच लावली, पानावरचं बिरडं विसकटलं, आणि मग त्याच्यामागून आणखी चार-पाच आले. राब विझला असेल, असं मधुकर नंतर म्हणाला. असेल. मला त्यातलं काही कळत नाही. भटजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि आम्ही अंघोळीला पाण्यात उतरलो. पाणी कमरेपर्यंत आलं होतं आणि थंडगार होतं.

आम्ही परत निघालो. आबा पुढे, मी त्यांच्यामागे, ओल्या कपड्यांनी. त्यांची क्षमा मागावी असं मनात होतं. गावात शिरताना दुकानाच्या फळीवर पाच-सहाजण बसलेले दिसले. आम्हाला पाहून ते उठून उभे राहिले. त्यांतला एक आबांच्याच वयाचा होता. त्याने विचारलं, “राघो, शिवला का रं?”

“शिवला.”

“लय येल लागला. काय अडलं व्हतं?”

आबा थांबले. मी खाली बघितलं. आता ते काय सांगतील ते मला ऐकवणार नव्हतं.

“रॉकेटाचं अडलं व्हतं,” आबा म्हणाले. “मंग सायबांनी शब्द दिला, दुसरा जाईल म्हनून. तवा शिवला.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर मान करून म्हणालो, “हो. जाईल.”

ते लोक बाजूला झाले. आबांनी माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.